सोळा टनांतले चार किलो

तालुका पेण, मंगळवार, सकाळचे दहा

तीर्थस्वरूप दत्तात्रेयदादा यांच्या चरणी, उजवा गुडघा सांभाळून, धाकट्या पुंडलिकाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळी खुशाल आहेत. आई ऐंशीची झाली तरी पहाटे पाचला उठते, घरातल्या सगळ्यांना उठवते आणि मग आपण परत आडवी होते. आमची प्रतिक्षा बरी आहे. तिची मुलगी आज सात दिवसांची झाली. आवाज असा की परवा पाचवीच्या दिवशी तिने सूर लावला तेव्हा शेजारच्या शांतीकाकू विचारायला आल्या, आज रविवार असून खाणीवरचा खडीचा क्रशर चालू कसा म्हणून. तुमचा गुडघा कसा आहे? अनितावहिनींचा खोकला गेला का? अमोलची कंपनीतली शिफ्ट बदलली का? (वर ‘तुमचा’ लिहिलं ते पत्राच्या रीतीप्रमाणे. यापुढे ‘तू’ येईल. तुम्ही-तुम्ही करत मला फक्त खोटं बोलता येतं, आणि आज खरं लिहायचं आहे.)

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. कालपासून तुझे सात फोन आले. सातही मी पाहिले, हातात धरून पाहिले. पण फोनवर तू मला एक वाक्य धड शेवटाला नेऊ देत नाहीस, आणि हे प्रकरण असं आहे की पहिलं वाक्य ऐकून जो भडकेल त्याला शेवटचं वाक्य कधी कळायचंच नाही. पत्राला मध्येच ‘गप रे’ म्हणता येत नाही. शिवाय काल दुपारी तुझ्या अष्टमी गावच्या पुलाजवळ वहिनींनी मला पाहिलं असणार. तो मीच होतो. मी तोंड फिरवलं ते रुमाल बांधायला. (रुमाल कशाला बांधला, तर तोंड दिसू नये म्हणून. पण त्यालाही कारण होतं, ते पुढे येतं आहे.)

आता ते पहिलं वाक्य लिहितो. वरवंटा हरवला होता. झालं लिहून. पाणी पी, आणि खुर्चीत बसूनच पुढचं वाच, उभा राहू नकोस, गुडघा आहे.

थोडं मागचं लिहितो. तुला सगळं पाठ आहे, पण हे पत्र तुझ्याकडे हर्षद ड्रायव्हर आणणार आहे आणि नागोठण्याच्या चहाला तो ते उघडून वाचणार आहे, तेव्हा त्याला निदान काय वाचतोय ते कळावं. तर हर्षद, आमच्या घरात बारसं असलं की बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात जातो. त्याला टोपडं घालायचं, काजळ-तीट लावायची, बायांनी त्याला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात द्यायचं, आणि मग बाळ. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. सगळ्यांकडेच करतात, पण आमच्याकडे तो एकच वरवंटा लागतो. आजोबा, बाबा, दादा, मी, दादाचा अमोल, माझी प्रतिक्षा, सगळे त्याच्या मागून पाळण्यात गेलो. बाबा वारल्यावर चौदा वर्षांपूर्वी आम्ही दोघे भाऊ वेगळे झालो. शेत वाटलं, आंबा वाटला, भांडी वाटली, एक शब्द वर गेला नाही. मग मामा म्हणाले, पाटा-वरवंटा राहिला. दादा म्हणाला, मला फक्त वरवंटा द्या, बाकी काय नको. मी म्हटलं, पाट्यापासून वरवंटा तोडतात का कुठे? ते आई-लेकरू असतं. झालं! दोन तास भांडण, आणि शेवटी पाटा माझ्याकडे, वरवंटा दादाबरोबर अष्टमीला. त्या दिवशी दादा घरातून गेला तो परत पायरी चढला नाही. चौदा वर्षं आमच्याकडे पाटा आहे आणि वरवंटा नाही, त्यांच्याकडे वरवंटा आहे आणि पाटा नाही, आणि दोन्ही घरांत चटणी मिक्सरवर होते.

(हर्षदसाठीचं संपलं. आता तो पुढचंही वाचेलच.)

दादा, तू वरवंटाच का मागितलास ते मला आजवर कळलं नाही. रोज सकाळी तू त्याला हात जोडतोस, फूल ठेवतोस, हे वहिनींनी सांगितलेलं आहे. विचारलं की तू विषय बदलतोस. गेल्या गुरुवारी मी न्यायला आलो तेव्हाही तो स्वतःच्या पंच्यात गुंडाळून दिलास आणि म्हणालास, सांभाळ, तो नुसता दगड नाय. मी मनात म्हटलं, मी पंचवीस वर्षं खडीच्या धंद्यात आहे, मला दगड शिकवतोय. आता वाटतं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

पाचवीला पाटा-वरवंटा शेजारी ठेवून पुजले. आई किती तरी वेळ दोघांकडे बघत बसली होती. मग मला म्हणाली, रविवारच्या बारशाला दत्तू आला तर बरं व्हईल रे. मी म्हटलं, निमंत्रण व्हॉट्सअॅपवर टाकलंय, त्याने अंगठा पाठवलाय. आईने विचारलं, अंगठा म्हंजे येतंय का नाय येत? प्रतिक्षेला नऊ वर्षांनी मूल झालं, दादा. नऊ वर्षांत तिने कुठले डॉक्टर, कुठले उपास, कुठली कुठली झाडं केली नाहीत! तिचं एकच म्हणणं आहे, माझ्या मुलीला सगळ्यांसारखं सगळं करा, एक गोष्ट कमी करू नका. आणि आईचं एकच म्हणणं आहे, वरवंटा आपलाच, दुसरा चालायचा नाय. या दोन म्हणण्यांच्या मध्ये मी उभा आहे, म्हणजे काल सकाळी अकरापर्यंत उभा होतो. त्यानंतर पळतो आहे.

झालं ते असं. सोमवारी कामावर जाताना मी वरवंटा बरोबर नेला. का नेलास, असं तू ओरडशील. चांगल्या बुद्धीने नेला. तो झिजून गुळगुळीत झालेला, आणि आमच्या खाणीवर काळुराम पाथरवट आहे, पंचाहत्तरीचा, आता नुसता राखणीला बसतो, पण हातात छिन्नी दिली की माणूस बदलतो. म्हटलं, चार टाक्या मारून घेऊ, तुला परत देताना आधीपेक्षा बरा देऊ, एकदा तरी तुझ्या तोंडून ‘बरं केलंस’ ऐकू. काळुरामने तो हातात घेतला, फिरवला, त्याचं टोपडं काढून माझ्याकडे दिलं (आईने घरून निघतानाच घातलं होतं, वाटेत वारा लागतो म्हणून) आणि म्हणाला, टाकीचे घाव सोसल्याबिगर देवपण येत नाय. मग त्याने वरवंटा माझ्या वजनकाट्याच्या केबिनबाहेर बाकड्यावर ठेवला आणि छिन्नी शोधायला घरी गेला.

आता आमच्या खाणीत दगडाची काही टंचाई नाही. डोंगरच आहे. सुरुंग लावून फोडायचा, क्रशरमध्ये घालायचा, आणि खडी करून रस्त्याला, रेल्वेला, समुद्राच्या भरावाला पाठवायची, हाच धंदा. पण काल कोणीतरी साहेब तपासणीला येणार होते म्हणून काट्याभोवतालचं आवार सकाळी झाडून लख्ख केलं होतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिथे एक खडा दिसत नव्हता. त्यात हर्षदने रेल्वेची खडी भरलेला डंपर आणून उतारावर उभा केला. त्याचा हँडब्रेक गेल्या गणपतीपासून लागत नाही, म्हणून तो उभा राहिला की चाकामागे दगड लावतो. दगड शोधायला त्याने चारी बाजूंना पाहिलं. अख्ख्या डोंगराच्या पोटात उभ्या असलेल्या माणसाला एकच दगड दिसला, तो बाकड्यावरचा. (हर्षद, वाचतोयस ना? मी तुला माफ केलेलं नाही.)

निघायच्या वेळी जनू क्लीनरने चाकामागचा दगड काढून सवयीने वर खडीवर भिरकावला. जनू पन्नाशीचा आहे, तीस वर्षं हेच करतो, दगड मागे ठेवला तर पुढच्या थांब्याला काय लावणार? त्यालाही मी दोष देत नाही. मग डंपर माझ्या काट्यावर आला. मी वजन केलं, सोळा टन. मीच पावती फाडली, मीच सही केली, मीच हात दाखवून ‘जाऊ दे’ म्हटलं. दादा, त्या सोळा टनांतले चार किलो आपले होते. आजोबांपासूनचे सगळे माझ्या डोळ्यांसमोरून रोह्याच्या दिशेने गेले आणि मी वरून शिक्का मारला.

काळुराम छिन्नी घेऊन आला तेव्हा कळलं. माझ्या खिशात टोपडं आणि बाकड्यावर काही नाही. हर्षदला फोन लावला. गाडी चालवताना हर्षद फोन घेत नाही. त्याच्यात हा एकच चांगला गुण आहे, तोही कालच आडवा आला. मी काटा काळुरामच्या ताब्यात दिला (त्याला आकडे वाचता येत नाहीत, पण साहेब आलेच नाहीत म्हणून निभावलं) आणि स्कूटर काढली.

रस्त्याचं काय सांगू! ज्या रस्त्याने मी गेलो तो गेली कित्येक वर्षं आमच्याच खडीने दुरुस्त होतो आहे, आणि अजून व्हायचा आहे. प्रत्येक खड्ड्यात मी वाकून पाहिलं. मनात येत होतं, डंपर आपटला असेल, वरवंटा उडाला असेल, कुठे तरी कडेला पडून वाट बघत असेल. नागोठण्याच्या अलीकडे एक लांबट काळा दगड दिसला म्हणून उतरलो तर ते कुत्रं होतं. तिथून पुढे ते अष्टमीपर्यंत माझ्या मागे होतं, म्हणून पुलाजवळ मी जरा जोरात होतो. वहिनींना सांग. तुझं घर तिथून पाच मिनिटांवर. मला आत यावंसं वाटलं, खरंच वाटलं. तुझ्या ओटीवर बसावं आणि सरळ सांगून टाकावं, दादा, माझ्या हातून असं असं झालं. पण रिकाम्या हाताने तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही. लहानपणीही नव्हती.

रोह्याच्या मालधक्क्यावर पोचलो तेव्हा खडी वॅगनमध्ये भरणं चालू होतं. मी तिथल्या बाबूला सांगायला गेलो, पण धाप लागली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं (धुळीने), त्यामुळे तोंडातून काही फुटेना, म्हणून मी खिशातलं टोपडं काढून दाखवलं. तांबडं, लेस लावलेलं, मागे गोंडा. बाबूचा चेहरा पडला. त्याने मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, कधीपासून दिसत नाही? मी म्हटलं, अकरा वाजल्यापासून. अंगावर काय होतं? मी म्हटलं, एवढंच होतं, हेही काढून घेतलेलं. तो उठला. वर्ण? काळा. चालतो का? मी म्हटलं, नाही हो, उचलूनच न्यावा लागतो. वय किती? मी म्हटलं, सव्वाशे तरी असेल. त्यावर तो परत खाली बसला. तोवर कुणीतरी फलाटावर पुकारा करायला धावलं होतं आणि पोह्याच्या गाडीवरच्या दोन बाया माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या. मी खरं काय ते सांगितल्यावर त्यातल्या एकीने हात काढून घेतला. दुसरीने मात्र काढला नाही. ती म्हणाली, आमच्याकडचा पण असाच गेला होता.

मग नूतन मॅडम आल्या. खडी तपासायचं काम त्यांच्याकडे. हातात चाळणी, डोक्यावर टोपी, अत्यंत सज्जन बाई. त्यांनी मला शांतपणे समजावलं की रुळाखालच्या खडीला कोपरे लागतात, कोपऱ्यात कोपरा अडकला म्हणजे ती जागची हलत नाही, आणि हर्षदच्या डंपरमध्ये त्यांना मुळात भुकटी फार आणि त्यात एक गुळगुळीत, दंडासारखा धोंडा मिळाला. तो त्यांनी स्वतः, या दोन हातांनी, वॅगनमधून उचलून परत डंपरमध्ये टाकला आणि सगळा माल नापास केला. नापास! दादा, तुझी-माझी दहावी निघाली, पण आपल्या वरवंट्याला रेल्वेने नापास केलं. ऐकून मला राग यावा की बरं वाटावं कळेना, कारण निदान तो हातात घेतलेलं माणूस तरी भेटलं. मी विचारलं, कसा होता हो? त्या म्हणाल्या, थंड होता, हाताला चांगला वाटला. त्यांनी टोपडंही हातात घेऊन पाहिलं.

नापास माल समुद्राला जातो. भरावाला खडी टाकताना कोपरे कोणी बघत नाही. म्हणजे हर्षद आता धरमतरच्या खाडीकडे, जेट्टीवर, म्हणजे ज्या बाजूने मी आलो त्याच बाजूला परत गेला होता. काखेत कळसा म्हणतात तसं, मी रोह्याला येताना तो मला वाटेत आडवा गेला असणार आणि मी त्या वेळी कुत्र्याकडे बघत असणार. स्कूटर सुरू करायला गेलो तर मागचं चाक बसलेलं. जेट्टीवरच्या मुनशीला फोन लावला, म्हटलं एक दगड बाजूला काढून ठेव. तो म्हणाला, बारा बार्जी लागतील एवढे दगड हायत इथं, तुला कुठला पायजे? मग स्कूटर मालधक्क्यावर ठेवून (अजून तिथेच आहे, अमोलला जमलं तर बघायला सांग) पॅसेंजर पकडली. वरवंटा वॅगनमध्ये अर्धा तास बसला, मी डब्यात तासभर उभा राहिलो. रेल्वेचा प्रवास दोघांनाही घडला.

पेणला उतरून सहाआसनी रिक्षा करून जेट्टीवर गेलो तर हर्षदचा माल पोटात घेऊन बार्ज, म्हणजे खडीची सपाट मालबोट, भरून निघालेली. तिचा कप्तान, तांडेल बाबाजी, खाडीकाठचाच, नाकासमोर बघून बोलणारा. मी काठावरून टोपडं हलवलं. तो ओरडला, ही बार्ज हाय, रिक्षा नाय, हात केला का थांबायला! पण टोपडं बघून त्याची होडी आली. त्यालाही वाटलं असेल आत कुणाचं पोर राहिलं. एकदा मला वर घेतल्यावर परत सोडता येईना, कारण ओहोटी लागली होती, आणि अर्ध्या तासात बार्ज गाळात टेकली. बाबाजी म्हणाला, आता भरती येईस्तवर बसा. मी सहाशे टन खडीवर उभा होतो, पुढे पाणी नाही, मागे पाणी नाही, आणि हातात लहान मुलाचं टोपडं.

खरं सांगतो, दादा, त्या वेळी मला रडू आलं. या खेपेला धूळ नव्हती. मनात आलं, नऊ वर्षं थांबलेली पोर, ऐंशीची आई, चौदा वर्षं रुसलेला भाऊ, आणि सगळ्यांचा मिळून एक दगड, तो मी वजन करून समुद्रात पाठवला. बाबाजीने बघितलं. खलाशांना हाक मारली, म्हणाला, उतरा रे, लांबट दिसंल तो हिकडं आणा. चार खलाशी आणि मी, आम्ही उकरायला लागलो. त्यांनी एकूण अकरा लांबट दगड आणले. आपला कुठला हे कसं ओळखायचं? शेवटी बाबाजीनेच तोड काढली, टोपडं घालून बघा. एकेकाला घातलं. सहाला घट्ट, चारला सैल. अकराव्याला असं बसलं की नाडीसुद्धा बरोबर जागी आली. सगळे खलाशी टाळ्या वाजवायला लागले. बाबाजीने डोक्याचा रुमाल काढला.

भरती आली तेव्हा त्यांनी मला होडीने परत सोडलं. आज सकाळी घरी आलो. वरवंटा माझ्यासमोर टेबलावर आहे, टोपडं घालून. आई आत बाळंतिणीला शेक देते आहे, ती बाहेर आली की तिच्या हातात देतो. म्हणजे बघ, हरवला, पण मिळाला. रस्ता, रेल्वे, समुद्र, तिन्ही फिरून आला, कुठेही टवका उडालेला नाही. (टाक्या मारून घेतलेल्या नाहीत. काळुरामला मी सांगितलं, देवपण राहू दे.) तेव्हा तू रागावण्यासारखं आता काही उरलेलं नाही. बारसं झालं की तिसऱ्या दिवशी मी स्वतः आणून देईन. तुझ्या सात फोनांचं उत्तर म्हणून एवढं पुरे समजावं. वहिनींना नमस्कार, अमोलला आशीर्वाद, गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा धाकटा भाऊ,
पुंडलिक

ता. क. पत्र चिकटवणार एवढ्यात आई बाहेर आली. वरवंटा हातात घेतला, पाट्यावर ठेवून एकदा पुढे-मागे फिरवला आणि म्हणाली, हा आपला नाय. टोपडं बसलंय, मी म्हटलं. ती म्हणाली, मेल्या, टोपडं तुझ्या डोक्यावर पण बसंल. पन्नास वर्षं तिने त्यावर वाटण वाटलेलं, तिच्या तळहाताला फसवता येत नाही. आता ती बार्ज भरतीबरोबर पुढे गेली, आणि एव्हाना खडी कुठल्या तरी भरावात पडली असणार. म्हणजे वर जिथे जिथे ‘मिळाला’ लिहिलं आहे तिथे काट मार. मला परत सगळं लिहायचं त्राण नाही.

दुसरा ता. क. मी डोकं धरून बसलो तर आई हसायला लागली. मला वाटलं धक्का बसला. मग तिने जे सांगितलं ते तुला सांगू नको असं बजावलं आहे. मी सांगत नाही, फक्त लिहितो. तू नऊ वर्षांचा असताना बाबांच्या नकळत वरवंट्याने स्टंप ठोकत होतास आणि त्याचे दोन तुकडे झाले. तू भिऊन शेतावर पळालास आणि रात्री मावशीकडेच राहिलास. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलास तर वरवंटा पाट्यावर अखंड. तू कुणाला एक शब्द बोलला नाहीस, पण आईने तुला त्याच्यासमोर हात जोडताना पाहिलं, आणि तेव्हापासून तू जोडतोच आहेस. दादा, तो जुळला नव्हता. तुला मार बसू नये म्हणून आई सकाळच्या एसटीने रोह्याला गेली, कुंडलिकेच्या पात्रातून एक दगड शोधला, पदरात बांधून आणला आणि दुपारभर वाळूने घासून त्यावर हळद-मसाला चोळला. बाबांनासुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही. ती म्हणते, दत्तूला सांगू नको, त्याचा देव जाईल. मला तसं वाटत नाही. देव आला होता, फक्त तो एसटीने रोह्याला जाऊन आला. आणि आपण दोघे चौदा वर्षं ज्याच्यासाठी धड बोललो नाही तो सव्वाशे वर्षांचाही नव्हता, तुझा मार चुकवायला, मी पाच वर्षांचा असताना घरात आलेला, म्हणजे माझ्याहूनही धाकटा होता. म्हणजे प्रतिक्षा आणि अमोल त्याच्या मागून पाळण्यात गेले, आणि दोघंही टणक निघाली, हे तुला मान्य आहे ना?

तिसरा ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मी आईला म्हटलं, मग आता आमच्या खाणीतलाच एखादा चालेल. ती म्हणाली, तुमच्याकडचे सगळे फोडलेले, कोपऱ्याचे, पोरीला लागंल. नदीनेच घासलेला पायजे, आणि कुंडलिका दत्तूच्या दारात हाय. तेव्हा पात्रात उतरून एक बरा दगड बघ. गुडघा दुखत असेल तर अमोलला उतरव, पण निवड तू कर. आणि काहीही झालं तरी तो हर्षदच्या हाती पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये, रविवारी सकाळी नऊच्या आत. पायरी चढायची नसेल तर आईने सांगितलंय, पाळणा अंगणात बांधू. सोबत टोपडं पाठवलं आहे, मापाला.